निमेसुलाइडवर बंदी आली, पण तुमची 'साधी तापाची गोळी' कितपत साधी?

डिसेंबर 2025च्या अखेरीस केंद्र सरकारने 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त निमेसुलाइड असलेल्या, लगेच विरघळणाऱ्या गोळ्यांचं उत्पादन आणि विक्री बंद केली. कारण दिलं ते आरोग्याला असलेल्या धोक्याचं आणि हाताशी असलेल्या सुरक्षित पर्यायांचं. 12 वर्षांखालच्या मुलांसाठी हे औषध 2011 पासूनच बंद आहे. गिधाडांचा जीव जातो म्हणून जनावरांसाठीही ते डिसेंबर 2024 मध्ये बंद झालं. म्हणजे मोठ्या माणसांचा नंबर गिधाडांनंतर लागला!

मग 100ची गोळी बिनधास्त घ्यायची? नाही. निमेसुलाइड 'शेड्युल एच'मध्ये आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकताच येत नाही. पण मेडिकलवाल्याला "अंगदुखीवर काहीतरी द्या" म्हटलं की कापलेल्या पट्टीतून दोन गोळ्या मिळतात आणि नाव नेमकं कापलेल्या भागावर राहतं. नाव दिसत नसेल तर सरळ विचारा.

खरा घोळ मात्र पॅरासिटामॉलचा आहे. योग्य मात्रेत ते सुरक्षितच. निरोगी प्रौढांसाठी 24 तासांत 4 ग्रॅम ही कमाल मर्यादा, म्हणजे 650च्या जास्तीत जास्त सहा गोळ्या. एवढ्या कोण खातंय, असं वाटेल. पण सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं, अंगदुखीच्या अ‍ॅसिक्लोफिनॅकवाल्या कॉम्बिनेशनमध्येही असतं. ब्रँड तीन, औषध एकच. रोज दारू पिणाऱ्यांसाठी, यकृताचा आजार किंवा वजन खूप कमी असलेल्यांसाठी मर्यादा आणखी खाली येते. मात्रा जास्त झाली तरी पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही, हीच यातली फसवी गोष्ट. त्यावरचं एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे औषध पहिल्या आठ तासांत सर्वात चांगलं काम करतं. त्यामुळे कावीळ दिसायची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.

आणि पावसाळ्यातला ताप? डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नका. रक्तस्रावाचा धोका वाढतो. (हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती परस्पर बंदही करू नका, डॉक्टरांना विचारा.) डेंग्यूत ताप उतरला की आपण निवांत होतो, पण धोक्याची लक्षणं बऱ्याचदा तेव्हाच सुरू होतात: पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त. अशा वेळी पुढची गोळी शोधत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.