सुट्टीचा बंगला : इसार देण्यापूर्वी

वर्षभर दुकानाच्या गल्ल्यावर किंवा कारखान्याच्या मशीनवर राबणाऱ्या माणसाने चार दिवस बायकामुलांना आणि वृद्ध आईवडिलांना घेऊन गावाबाहेर जावे, यात दीनच्या विरुद्ध काही नाही आणि व्यापाराच्या विरुद्धही काही नाही. घरच्या माणसांचाही आपल्यावर हक्क आहे. प्रश्न आहे तो हा की, दुकानात पै-पैचा हिशेब ठेवणारा आमचा व्यापारी सुट्टीच्या बंगल्याचा व्यवहार मात्र आंधळेपणाने का करतो?

आमच्या वारजे-माळवाडी भागाला या बाबतीत मोठी सोय आहे. दारातूनच बंगळूर हायवे जातो. शिवणे-उत्तमनगरवरून खडकवासला आणि पुढे पानशेत गाठता येते. चांदणी चौकातून पौड, मुळशी करीत ताम्हिणी घाट उतरला की माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन. हायवेने दक्षिणेला गेले की कात्रजचा बोगदा, खंबाटकी घाट, मग वाई, पाचगणी, महाबळेश्वर. या सर्व वाटांवर गेल्या काही वर्षांत भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांची आणि फार्महाऊसची रांग लागली आहे.

हॉटेल सोडून लोक अशा बंगल्याकडे वळले त्याला कारण आहे. आमची कुटुंबे दहा-बारा माणसांची. हॉटेलात चार खोल्या घ्याव्या लागतात आणि तीन वेळचे जेवण वेगळे. त्यात हलालचा प्रश्न, पडद्याचा प्रश्न, नमाजच्या जागेचा प्रश्न. बंगल्यात स्वयंपाकघर आपल्या ताब्यात असते. आपल्या ओळखीच्या खाटकाकडून मटण, कोंबडी घ्यावी, बर्फाच्या डब्यात घालून न्यावी आणि आपल्या हाताने शिजवावी. म्हणून बंगला घ्यावा असेच आमचे मत आहे. मात्र तो माल पारखून घ्यावा.

ढिगात हात घाला

हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला आणि आतील धान्य ओले निघाले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. ओला माल वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. बंगल्याचे मोबाईलवरचे फोटो म्हणजे ढिगावरचे कोरडे धान्य होय. मीटरभर कापड घेताना त्याचा काठ चोळून पाहणारा माणूस चार फोटो पाहून अर्धे भाडे पाठवून देतो. नंतर कळते की हौदाचा फोटो तीन वर्षांपूर्वीचा होता.

शरीअतच्या भाषेत घर भाड्याने घेणे हा इजारा आहे. इजाऱ्यात दोन गोष्टी आधी ठरलेल्या आणि माहीत असल्या पाहिजेत: काय मिळणार आणि त्याचे किती द्यायचे. जेथे या दोन गोष्टी अंधारात राहतात तेथे भांडण ठरलेले आहे. म्हणून मालकाला किंवा केअरटेकरला व्हिडिओ कॉल करून सर्व घर दाखवावयास सांगावे. विशेषतः स्वयंपाकघर. शेगडी किती बर्नरची? बारा माणसांची बिर्याणी होईल असे पातेले आहे काय, की ते आपण न्यायचे? सिलिंडर 14.2 किलोचा घरगुती आहे की 19 किलोचा व्यावसायिक? तो भरलेला आहे काय आणि संपला तर दुसरा कोण आणणार? पाणी टँकरचे की विहिरीचे? वीज गेली तर सोय काय? बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर हवा जायला खिडकी आहे काय? बंद बाथरूममधील गॅस गीझरने माणसे गुदमरून मेलेली आहेत. वृद्ध माणसांसाठी तळमजल्यावर खोली आणि कमोड आहे काय? हौदाला कठडा आहे काय? जवळची मशीद किती अंतरावर आहे, हेही विचारावे. शुक्रवार मध्ये येत असेल तर जुम्याची सोय आधीच पाहिलेली बरी.

भाडे म्हणजे पूर्ण खर्च नव्हे

समजा, बंगल्याचे एका दिवसाचे भाडे 9,000 रुपये सांगितले. त्यात आठ माणसे धरली आहेत. आपण बारा. जादा गादीचे माणशी 500 प्रमाणे 2,000, साफसफाईचे 1,000, सिलिंडरचे 1,000. झाले 13,000. मालक जीएसटी नोंदणी असलेला असेल तर तो कर वेगळा. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या निवासावर 5 टक्के आणि त्याहून जास्त भाड्यावर 18 टक्के कर आहे. पूर्ण बंगला एकच निवास धरला तर 9,000 वर 1,620 रुपये आणखी. म्हणजे डोई सुमारे 1,220 रुपये पडले. हा आकडा घेऊन मग हॉटेलशी तुलना करावी. एक गोष्ट व्यापाऱ्यांना सांगावयास नको: ज्याच्याकडे जीएसटी नंबर नाही त्याला जीएसटी आकारण्याचा अधिकार नाही. कर मागितला तर नंबर आणि पक्के बिल मागा.

आपल्या नावाने, आपल्या अटींनी

आता मुख्य गोष्ट. आमच्या अनेक बांधवांना असा अनुभव येतो की फोनवर बंगला रिकामा असतो आणि नाव सांगितले की तो 'बुक' होतो. हा अनुभव कडू आहे. त्यामुळे काहीजण हिंदू मित्राच्या नावावर बुकिंग करतात, मटण शिजवणार हे लपवतात, आणि बारा माणसे असताना आठ सांगतात. आमचा याला स्पष्ट विरोध आहे.

पहिले कारण दीनचे. सौद्यात लपवाछपवी ज्याप्रमाणे विकणाऱ्याला मना आहे त्याप्रमाणे घेणाऱ्यालाही आहे. दुसरे कारण व्यवहाराचे. गेटवर ओळखपत्र दाखवावेच लागते. करार मित्राचा, पैसे मित्राच्या नावे. वाद झाला तर आपण कोण? रात्री आठ वाजता बायकामुलांना घेऊन घाटाच्या रस्त्यावर उभे राहण्याची पाळी येते आणि इसार तर गेलेलाच असतो. तिसरे कारण इज्जतीचे. आपले नाव लपवून मिळालेल्या छपराखाली मुलांना आपण काय शिकवणार?

म्हणून पहिल्याच फोनवर आपले पूर्ण नाव, माणसे किती, मुले किती, मांसाहार शिजवणार आणि घरात नमाज पढणार, हे सांगून टाकावे. 'फक्त शाकाहार' ही अट मालकाने आधी सांगितली असेल तर ती पाळावी किंवा दुसरे घर पाहावे. स्वयंपाकघर त्याचे आहे. नाव ऐकून जो नकार देतो त्याचा नकार अन्यायाचा आहे, पण त्याने आपला इसार वाचवला, असे समजून पुढे जावे. खुल्या मनाने दार उघडणारे मालक, सर्व धर्मांचे, या वाटांवर पुष्कळ आहेत. पैसा त्यांच्याकडे जावा.

इसाराची पावती

कुरआन शरीफच्या सर्वांत लांब आयतीत, म्हणजे सूरह बकराच्या 282 व्या आयतीत, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. आपण मात्र 'भाई, बोलणे झाले आहे' यावर भागवतो. 1872 चा करार कायदा तोंडी करारही मानतो. पण तो शाबीत करायचा कसा? व्हॉट्सअपवर का होईना, पण पुढील गोष्टी लिहून मालकाचा होकार घ्यावा: तारखा, येण्या-जाण्याची वेळ, माणसे, एकूण रक्कम, जादा आकार, डिपॉझिट किती आणि ते केव्हा परत मिळणार, आणि बेत रद्द झाला तर काय.

हे रद्द होण्याचे कलम आमच्यासाठी फार महत्त्वाचे आहे. रमजान ईद चंद्रावर असते आणि बुकिंग इंग्रजी तारखेवर. एक दिवस पुढे सरकवण्याची मुभा आधीच लिहून घ्यावी. पावसाळ्याचेही तसेच. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात हडपसर भागातील एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पावसाळी पर्यटनस्थळांवर बंदीहुकूम काढले. असा हुकूम निघाला किंवा घाट बंद झाला तर इसार परत की तारीख बदलून, हे आधी ठरले पाहिजे. ओढ्याकाठचा बंगला जूनपासून सप्टेंबरपर्यंत घेऊच नये.

सौदा मोडल्यावर इसार जप्त करणे बहुतेक फुकहांनी नापसंत केले आहे; हंबली मसलकात त्याला जागा आहे, आणि इस्लामी परिषद संघटनेच्या फिकह अकादमीने 1993 साली मुदत ठरलेली असल्यास त्याला मान्यता दिली. आपण कोणतेही मत धरा, रक्कम आणि मुदत आधी ठरलेली असावी, एवढे सर्वांना मान्य व्हावे.

पैसे यूपीआयने पाठवताना खात्यावरील नाव मालकाचे आहे काय ते पाहावे. फसवणूक झाली तर त्याच दिवशी 1930 वर कळवावे. मालकाने ठरलेले दिले नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बंगला महाबळेश्वरला असला तरी वारज्यात राहणारा माणूस पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मात्र हातात कागद पाहिजे.

घरमालक बांधवांना

शेवटी एक गोष्ट, कारण हे व्यापाराचे पान आहे. श्रीवर्धन, म्हसळा, दापोली या भागांत आमच्या कोकणी बांधवांची कौलारू घरे मुंबईच्या आणि आखाताच्या नोकरीपायी वर्षातले बरेच महिने कुलपात असतात. राज्याच्या पर्यटन खात्याची निवास व न्याहारी योजना आहे, 2020 साली मंजूर झालेले कृषिपर्यटन धोरण आहे. अशी घरे रीतसर नोंदवून भाड्याने दिली तर घरही टिकेल आणि गावातल्या सुताराला, गवंड्याला, मासेविक्रेत्या बाईला काम मिळेल. पण ती फक्त मुसलमानांसाठी नकोत. जे दार आपल्याला बंद झाले म्हणून आपण हळहळतो, ते आपण दुसऱ्याला बंद करू नये. शाकाहारी पाहुण्यासाठी वेगळी भांडी ठेवावीत, घरातील उणीव फोटोबरोबरच सांगावी आणि इसाराची पावती मागण्याआधी द्यावी.

आपला व्यापारी सचोटीचा म्हणून ओळखला जावा, असे आपण म्हणतो. ती ओळख दुकानात जितकी होते तितकीच ग्राहक म्हणून दुसऱ्याच्या दारात उभे राहिल्यावर होते. पुढील सुट्टीच्या बंगल्याचा फोन कराल तेव्हा आधी आपले नाव सांगा, मग अटी लिहा आणि मगच इसार द्या.