वेष्टनाचें औचित्य

आमच्या वरठींतील तरुण मंडळी हल्लीं चित्रपटाइतकाच त्याच्या जाहिरात-चित्राचाहि खल करितात. कोणतें चित्र सरस, कोणत्या गीतसंग्रहाचें वेष्टन फसवें, यावर भंडारा रोड स्थानकांत गाडी येईपर्यंत वाद रंगतो. वडीलधाऱ्यांस हा रिकामपणचा उद्योग वाटतो; आम्हांस तसें वाटत नाहीं.

वेष्टन म्हणजे रसिकास दिलेलें वचन होय, आणि वचनाची परीक्षा व्हावयासच हवी. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मुळांत चित्रकार. आपल्या मूकपटांचीं जाहिरात-चित्रें ते स्वतः रंगवीत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चें चित्र आजहि उपलब्ध आहे. ज्यानें कथा पडद्यावर आणिली, त्याचाच कुंचला बाहेर तिची ओळख करून देई. साहजिकच आंत एक व बाहेर भलतेंच, असें होण्यास वाव थोडा.

तबकड्यांची कथा निराळी. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या सुट्या तबकडीस मध्यें वाटोळें भोंक असलेली कागदी पिशवी पुष्कळदा पुरे. १९४८ मध्यें अमेरिकेंत लाँग-प्ले तबकडी निघाली आणि पुढें १२ इंची वेष्टनाचा ऐसपैस फलक चित्रकारास लाभला. आज तेंच चित्र मोबाइलवर नखाएवढें झालें आहे. नखावर नटाचा चेहरा मावतो. कथा मावत नाहीं. मग बहुतेक चित्रें एकाच साच्यांतलीं भासलीं, तर नवल काय?

क्षेमेंद्रानें औचित्यास काव्याचें जीवित मानिलें. तीच कसोटी येथें लावावी. चित्र सुंदर आहे काय, हें मागाहून. आंतील वस्तूस तें शोभतें काय, हें आधीं. घरीं असा वाद निघाल्यास वडिलांनीं मुलांस गप्प बसवूं नये. आपलेंहि एक मत सकारण द्यावें. रसिकता अशा वादांतूनच घडते.