पॉइंट टू-टू रायफल: थोडा पैसा असेल तर आधी कुठे घालायचा?

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक यायला ७२ वर्षं लागली. त्या दिवसापासून ऊस आणि दुधाच्या बिलावर चालणाऱ्या घरांतही एक प्रश्न विचारला जातोय. पोराला रायफल घेऊन द्यायची तर किती लागतील?

प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. रायफल एकदा घ्यायची असते, गोळी रोज लागते.

या प्रकारात वापरतात ती पॉइंट टू-टू, म्हणजे ५.६ मिलिमीटरची रिमफायर रायफल. एनसीसी केलेल्यांनी ती हाताळलेली असते. रिमफायर म्हणजे ठिणगी पाडणारी दारू काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेली असते आणि पिन त्या कडेवर आदळते. एकदा उडालं की पितळी पुंगळी टाकून द्यायची, ती पुन्हा भरून वापरता येत नाही. रोज १०० गोळ्या आणि महिन्याला २० दिवस सराव म्हटला की २,००० गोळ्या झाल्या. गोळी २० रुपयांना धरली तरी महिन्याला ४० हजार. परदेशी मॅचची गोळी याहून महाग पडते. स्वप्नीलचे वडील शिक्षक, त्यांनी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याचं पदकानंतर सगळीकडे छापून आलं होतं. रायफल जुनी असली तर चालून जातं, गोळ्या संपल्या की सराव थांबतो.

म्हणून जुनी किंवा साधी रायफल सुधारताना पहिला पैसा गोळीच्या चाचणीत घालावा. प्रत्येक बॅरलला एखादी गोळी मानवते, दुसरी मानवत नाही. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. चार-पाच प्रकारच्या एकेक डब्या घ्यायच्या, रायफल टेकवून ५० मीटरवर प्रत्येकीच्या दहा-दहा गोळ्या मारायच्या आणि भोकं किती जवळ पडली ते मोजायचं. ५० मीटरच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. गोळ्याच ३० मिलिमीटरमध्ये पसरत असतील तर पोराने कितीही श्वास रोखला तरी दहा कसा लागणार? जो लॉट जमला तो परवडेल तितका एकदम घेऊन ठेवायचा. जास्त वेगाची गोळी चांगली हा गैरसमज आहे. मॅचची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा जरा हळू ठेवलेली असते. आवाजाहून वेगात निघालेली गोळी वाटेत मंदावते, तो टप्पा ओलांडताना डगमगते आणि भोकं पसरतात.

दुसरा खर्च जवळजवळ फुकटात होतो. बॅरल आणि स्टॉक धरून ठेवणारे स्क्रू ढिले असले, किंवा एक घट्ट आणि एक सैल असला, तर निशाणा रोज जागा बदलतो. ते सारख्या ताणाने आवळून घ्यायचे, तेही परवानाधारक गनस्मिथकडून किंवा क्लबच्या आर्मररकडून. साफसफाईची सळई मागून घालायची. पुढच्या तोंडातून घातली की बॅरलची कड झिजते, आणि ती झिजली की दुसरं काही सुधारून उपयोग नाही. एअर रायफलवर रिकामा ट्रिगर दाबून सराव केलेल्या पोरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. रिमफायरमध्ये चेंबर रिकामं ठेवून ट्रिगर दाबला तर पिन थेट चेंबरच्या कडेवर बसून ती ठेचू शकते. आत वापरलेली पुंगळी किंवा नकली राउंड ठेवून मगच दाबावा.

तिसरा पैसा अंगाला लागणाऱ्या वस्तूंवर. बट खांद्यात बसते का, गाल टेकवला की डोळा आपोआप साईटच्या रेषेत येतो का, हे आधी बघायचं. गालाखालची पट्टी उंच करायला फोम आणि चामडं पुरतं. गुडघ्यावर बसून मारताना घोट्याखाली ठेवायचा रोल गावचा टेलर शिवून देतो. नियमात तो २५ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर जाडीपर्यंत चालतो. दंडाला बांधायचा पट्टा आणि हातमोजा मात्र चांगला घ्यावा. जॅकेट सीनियरचं वापरलेलं मिळालं तरी भागतं, फक्त ते अंगात नीट बसलं पाहिजे.

आणि घेऊ नये ती वस्तू म्हणजे दुर्बीण. ५० मीटर रायफलच्या स्पर्धेत भिंगाची साईट चालतच नाही. तिथे बारीक भोकाची मागची साईट आणि पुढे रिंग लागते. दहा-पंधरा हजारांची दुर्बीण बसवून फोटो छान येतो, एवढंच.

या चुका होतात त्या मोबाईलमुळे. यूट्यूबवर स्वस्तात टू-टू सुधारा असं सांगणारे व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथली रुगर टेन-ट्वेंटीटू ही रायफल १९६४ पासून बाजारात आहे. तिचं बॅरल, ट्रिगर, स्टॉक असं सगळं सुटं मिळतं आणि लोक घरीच बदलतात. आपल्याकडे ते करायला गेलं तर थेट गुन्हा होऊ शकतो. बॅरल आखूड करणं किंवा खेळण्यातल्या बंदुकीची खरी बंदूक करणं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ खाली येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. आवाज दाबणारा सायलेन्सर तर कायद्याच्या व्याख्येत स्वतःच बंदूक ठरतो. ऑनलाइन तो साधा सुटा भाग म्हणून दिसला तरी मागवायचा नाही. पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक घेऊन निशाणेबाजीचा सराव होत नाही, हेही स्पष्ट असलेलं बरं.

आता वयाची अडचण. २१ वर्षांखालच्या मुलाच्या नावावर बंदूक होत नाही. त्याला देखरेखीखाली नेमबाजीच्या सरावापुरती सवलत आहे. म्हणजे पंधरा वर्षांच्या पोरासाठी घरात टू-टू आणायची घाई करण्यात अर्थ नाही. १० मीटर एअर रायफलवर दोन-तीन वर्षं घासायची, मग क्लबच्या रायफलवर जायचं.

पण ५० मीटरची रेंज म्हटलं की आधी नाव येतं बालेवाडीचं, नाहीतर वरळीचं. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनची जागतिक विजेती ठरलेली तेजस्विनी सावंत कोल्हापूरची. राही सरनोबतही कोल्हापूरचीच. पदकं जिल्ह्याची आणि सराव दूरवर, हे किती दिवस चालायचं? पदकानंतर गावोगावी सत्कार होतात. त्या शाल-नारळाच्या खर्चातून एखाद्या क्लबला एका लॉटच्या गोळ्या घेऊन दिल्या तर सहा मुलांचा हंगाम निघेल.

सहा मुलांना सहा रायफली लागतही नाहीत. बट आणि गालपट्टी सरकवता येईल अशी एक रायफल पुरते. प्रत्येकाने आपली मापं वहीत लिहून ठेवायची: बट किती आकड्यावर, पट्टी किती वर, साईटचे किती क्लिक. पुढच्याची पाळी आली की वही उघडायची, रायफल त्याच्या मापावर आणायची आणि दोन-चार गोळ्या मारून साईट तपासून घ्यायची.