घरसंसार : वादळ ओसरल्यावर



वळवाचा पाऊस बेळगावकरांना नवा नाही. उन्हाने तापलेली दुपार कलते, आभाळ काळवंडते आणि पाहता पाहता असा वारा सुटतो की अंगणात वाळत घातलेले कपडे गोळा करावयासही सवड मिळत नाही. अशाच एका सायंकाळी, ईस्टरचा सण होऊन चारपाच आठवडे लोटले असताना, आमच्या पॅरिशमधील एका वृद्ध विधवा भगिनीच्या स्वयंपाकघरावर परसातील आंब्याची मोठी फांदी कोसळली. वासे मोडले, मंगळुरी कौलांचा चुरा झाला आणि रात्रभर पडलेल्या पावसाने फ्रीज, धान्याचे डबे व बिछाने भिजून गेले. मे महिना पवित्र मरियेचा. मावशी त्या वेळी बाहेरच्या खोलीत जपमाळ म्हणत बसल्या होत्या. देवदयेने जिवावरचे संकट घरावर निभावले.

मावशींच्या यजमानांनी घराचा विमा उतरविला होता. त्यांच्या पश्चात मावशींनी पॉलिसीवर आपले नाव चढवून घेतले व हप्ता कधी चुकविला नाही. तथापि विमा असणे ही एक गोष्ट आणि त्याची भरपाई पदरात पडणे ही दुसरी. या दोहोंच्या मधली वाट मावशींनी कशी चालली, ते सांगण्यासाठी आजचा हा लेख आहे.

पहिल्या रात्री करावयाचे काम एकच : माणसे सांभाळावी. भिजलेल्या भिंतीतील वीज मुख्य बटणापासून बंद करावी व लोंबकळणाऱ्या तारेस हात लावू नये. उजाडल्यावर मात्र आवराआवर करण्यापूर्वी घराची छायाचित्रे घ्यावी. छपराची बाहेरून व आतून, मोडलेल्या प्रत्येक वस्तूची जवळून, आणि पडलेली फांदी जागची हलविण्यापूर्वी तिचीही. आपल्या गृहिणींची सवय अशी की पाहुणा येण्यापूर्वी घर स्वच्छ झालेच पाहिजे. या प्रसंगी ती सवय नडते. कंपनीचा माणूस पाहण्यास येईल तेव्हा त्याला नुकसान दिसले पाहिजे. म्हणून मोडकी वस्तू, कौलांचे तुकडे, भिजलेले बिछाने एका कोपऱ्यात राखून ठेवावे.

याचा अर्थ पाऊस घरात येऊ द्यावा, असा मात्र नाही. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणे हे विमेदाराचे कर्तव्यच आहे. ताडपत्री घालावी, पाणी उपसावे, सामान कोरड्या खोलीत हलवावे, आणि त्यास आलेल्या खर्चाची पावती ठेवावी. कायमची दुरुस्ती तेवढी पाहणी होईपर्यंत थांबवावी. मावशींच्या घरावर दुसऱ्याच दिवशी पॅरिशच्या तरुणांनी ताडपत्री बांधली. तिची पावतीही त्यांनी जपून मावशींच्या हाती दिली.

कंपनीस त्याच दिवशी कळवावे. दूरध्वनी केला तरी मागाहून पत्र अथवा ईमेल धाडावा व तक्रारीचा क्रमांक वहीत टिपून ठेवावा. 1 एप्रिल 2021 पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांनी विकावयाची जी समान घरविमा पॉलिसी ठरविण्यात आली, तिचे नाव ‘भारत गृह रक्षा’. वादळ, चक्रीवादळ, पूर, वीज कोसळणे, भूकंप, आग व झाड घरावर पडणे या सर्वांचे संरक्षण तीत आहे. नुकसान लक्षात आल्यापासून 30 दिवसांच्या आत दाव्याचा अर्ज भरून द्यावा, अशी तिची अट आहे. अर्जाबरोबर पॉलिसीची प्रत, नुकसानीची यादी, छायाचित्रे, गवंडी-सुतारांचे लेखी अंदाजपत्रक व खरेदीच्या मिळतील तितक्या पावत्या जोडाव्या. तलाठ्याने पंचनामा केला असल्यास त्याची प्रत आणि वादळाची बातमी छापलेले वर्तमानपत्राचे कात्रण हेही उपयोगी पडते.

यादी करण्याची वेळ आली आणि मावशींची खरी परीक्षा झाली. भाचा लेखणी घेऊन बसला होता. कोपऱ्यातील टीव्ही दोन वर्षांपासून बंद पडलेला. भाचा म्हणाला, “मावशी, हाही भिजलाच आहे. लिहून टाकतो. इतकी वर्षे हप्ते भरलेस, कंपनीचे काय जाते?”

मावशी म्हणाल्या, “अरे, तो वादळाने मोडला नाही. माझ्या सहीखाली ते लिहू नकोस.”

भाचा मुकाट्याने पुढे लिहू लागला.

वाचकहो, भाचा काही वाईट मुलगा नव्हे. आपणापैकी पुष्कळांस असेच वाटते की कंपनी म्हणजे कोणी माणूस नव्हे, तेव्हा तिच्याकडून चार पैसे जास्त घेतले तर ती चोरी होत नाही. परंतु विम्याचा पैसा येतो कोठून? हजारो घरांनी भरलेल्या हप्त्यांतूनच तो येतो. ज्याचे घर पडले त्यास, ज्यांची घरे उभी राहिली त्यांनी दिलेला तो आधार असतो. खोटी वस्तू यादीत घालणे म्हणजे सातवी आज्ञा मोडणे, आणि तिच्याखाली सही करणे म्हणजे आठवीही मोडणे. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही ते घातक आहे. दाव्यात लबाडी आढळली तर खऱ्या नुकसानीची भरपाईही हातची जाते.

आठवड्याच्या आत सर्वेक्षक आला. हा कंपनीने नेमलेला असला तरी परवानाधारक स्वतंत्र तज्ज्ञ असतो. त्याला शत्रू समजू नये. चहा अवश्य द्यावा, पण त्याने काय पाहिले व कोणते कागद मागितले ते तारखेसह लिहून ठेवावे. या सर्वेक्षकाने छप्पर पाहिले आणि तो म्हणाला की वासे आधीच वाकलेले व जीर्ण दिसतात. कालमानाने झालेली झीज विम्यात येत नाही, हे खरे आहे. त्यामुळे कंपनीच्या पहिल्या पत्रात कौलांचे व फ्रीजचे पैसे मान्य झाले, वाशांचे नाकारले गेले. सर्वांत मोठा खर्च तर तोच होता. मावशींच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आले.

तोडगा निघाला तो अनपेक्षित जागी. ईस्टरनंतर फादर घरोघरी आशीर्वाद देण्यासाठी येतात. त्या वर्षी भाच्याच्या मुलीने स्वयंपाकघरात पवित्र पाणी शिंपडणाऱ्या फादरांचे छायाचित्र आपल्या मोबाइलवर घेतले होते. फादरांच्या डोक्यावरचे सगळे वासे त्यात सरळ, धड दिसत होते, आणि छायाचित्रावर तारीखही होती. ते छायाचित्र, सुताराचे लेखी मत आणि फेरविचाराची विनंती करणारे साधे, सभ्य पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेले. बंद टीव्ही यादीतून वगळणाऱ्या बाईच्या शब्दाला त्या कागदांत आपोआपच वजन आले असावे, असे मला वाटते. तीन आठवड्यांनी वाशांचे पैसेही मान्य झाल्याचे पत्र आले.

कंपनीने तरीही नकार दिला असता तर? नियामक प्राधिकरणाच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे दावा कळविल्यापासून 24 तासांत सर्वेक्षक नेमावा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यापासून 7 दिवसांत कंपनीने निर्णय कळवावा, असा दंडक आहे. तक्रारीस महिनाभरात उत्तर आले नाही अथवा ते समाधानकारक नसले तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही व वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज मात्र गेला पाहिजे. बेळगावकरांसाठी हे कार्यालय बंगळुरूस, बडोदेकरांसाठी अहमदाबादेस, इंदूर-ग्वाल्हेरकरांसाठी भोपाळला आणि हैदराबादकरांसाठी हैदराबादेतच आहे. आपला हक्क शांतपणे मागणे यात अविनय नाही. नम्रता म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे नव्हे.

आता ज्यांचे छप्पर आज शाबूत आहे त्यांच्यासाठी चार शब्द. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळाने गोव्यात घरांवर झाडे पाडली. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोद्याच्या घराघरांत शिरले. त्यानंतर विमा घेण्यास धावणाऱ्यांस झालेल्या नुकसानीचा एक पैसाही मिळत नाही. ज्यांनी घरकर्ज घेतले आहे त्यांनी बँकेत चौकशी करावी. कर्जाबरोबर विमा उतरविलेला असतो, पण कागद कोणी पाहिलेला नसतो. कर्ज शिल्लक असेल तर भरपाई बहुधा प्रथम बँकेकडे जाते, हेही ध्यानात असू द्यावे. विम्याची रक्कम घर पुन्हा बांधण्यास येणाऱ्या खर्चाइतकी असावी; जमिनीची किंमत तीत धरू नये. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपये, इतके संरक्षण घरसामानास आपोआप मिळते. इमारत 20 लाखांची असेल तर सामानासाठी 4 लाख झाले. रोख रक्कम त्यात येत नाही, आणि दागिन्यांसाठी निराळी सोय करावी लागते. मुले परदेशी आणि घर कुलपात, अशी स्थिती असेल तर बंद घराविषयीची अट वाचूनच सही करावी.

वर्षातून एकदा, घराला आशीर्वाद मिळण्याच्या दिवशीच, प्रत्येक खोलीचे छायाचित्र घ्यावे व त्याची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातलगाकडे ठेवावी. खर्च काही नाही, आणि त्याचा उपयोग काय होतो ते आपण वर पाहिलेच.

खडकावर बांधलेल्या घराचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पाऊस आणि वारा त्या घरावरही आलेच होते, हे आपण विसरतो. विमा पुन्हा कौले घालून देईल. खोटी सही नाकारण्याचे बळ मात्र घरात आधीपासून असावे लागते. मावशींचे स्वयंपाकघर पावसाळा लागण्यापूर्वी शाकारून झाले. तो बंद टीव्ही भाच्याने भंगारवाल्याला दिला, आणि आलेले थोडे पैसे मावशींनी संत व्हिन्सेंट दी पॉल संस्थेच्या पेटीत टाकले.