आधी उतार, मग चढ

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत चार-सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांच्या यादीत नायगाऱ्यापाठोपाठ ग्रँड कॅन्यनचे नाव असतेच. मग लास व्हेगासच्या मुक्कामातला एक दिवस काढायचा, पहाटे बस धरायची, कड्यावर तासभर उभे राहून छायाचित्रे काढायची आणि रात्री परतायचे, असा बेत ठरतो. एक स्थळ 'झाले', याचे समाधान मिळते. पण ॲरिझोनाच्या वाळवंटी पठारातली ही ४४६ किलोमीटर लांबीची दरी अशा हिशेबात बसणारी नाही.

मुळात आपण नेमके कोठे चाललो आहोत, हे पुष्कळांनी विचारलेलेच नसते. २००७ मध्ये खुला झालेला काचेचा 'स्कायवॉक' राष्ट्रीय उद्यानात नाही. तो हुआलापाई या आदिवासी जमातीच्या भूमीवर आहे आणि लास व्हेगासहून जवळ पडतो, म्हणून अनेक सहली तिकडे जातात. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या उद्यानाचा वर्षभर खुला असणारा दक्षिण कडा तेथून मोटारीने साडेचार तासांवर आहे. समोरचा उत्तर कडा पक्ष्याला १६ किलोमीटर, माणसाला रस्त्याने सुमारे साडेतीनशे! तो हिवाळ्यात बंद असतो. शिवाय २०२५ च्या जुलैतील वणव्यात तेथील जुने निवासस्थान भस्मसात झाले. तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी हवीच.

खरा धोका मात्र धडधाकट माणसांना आहे. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला आधी चढ आणि मग उतार, ही रीत अंगवळणी पडलेली असते. दम लागला तर मागे फिरावे. परतीची वाट खालीच जाते. येथे सारेच उलटे. दक्षिण कड्याची उंची सुमारे २,१०० मीटर, म्हणजे कळसूबाईहून अधिक. तेथून 'ब्राइट एंजल' वाटेने नदीकाठच्या तळापर्यंत एका बाजूने सुमारे १५ किलोमीटर आणि १,३०० मीटरहून अधिक उतार. सकाळच्या गारव्यात पाय आपोआप पडत जातात. खाली जावे तसा उकाडा वाढतो. उन्हाळ्यात तळाशी पारा चाळिशी ओलांडतो. आणि नेमका तेव्हा चढ सुरू होतो. त्याला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरावा लागतो. 'साउथ कैबाब' वाटेवर तर पाण्याचा थेंबही नाही. नुसते पाणी पीत राहून मीठ पोटात गेले नाही, तरी माणूस कोसळतो. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परतू नका, उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चालू नका, असे उद्यानाचे रक्षक बजावतात. तरीही दरवर्षी शेकडो लोकांची सुटका करण्याची पाळी त्यांच्यावर येते.

एवढी बंधने पाळायची तर सहलीची मजा ती काय, असे कोणी म्हणेल. परंतु येथली मजा खाली उतरण्यातच आहे, असे थोडेच आहे? कड्यावर सपाट, फरसबंद अशी 'काळाची वाट' आहे. तिच्यावरचा एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे. आपला सह्याद्री घडवणारा काळा पाषाण या मापाने अवघ्या ६६ मीटरांवर येईल. पायाखालचा, म्हणजे दरीतला सर्वांत वरचा चुनखडक गाठायला २७० मीटर चालावे लागते आणि तळाच्या खडकासाठी १,७०० मीटरांच्याही पुढे. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनाही ही वाट सावकाश चालता येते. मात्र त्यासाठी बसचा तासभर पुरत नाही.

म्हणून बेत आखताना स्थळे मोजू नयेत, रात्री मोजाव्यात. कड्यावर दोन रात्री काढाव्यात. एक सूर्यास्त आणि एक सूर्योदय तरी पाहावा. तरुणांनी जरूर उतरावे, पण बळाचा एक तृतीयांश खर्च होताच मागे फिरावे. उरलेले दोन हिस्से चढासाठी लागतात. किती खाली गेलो, हे घरी सांगायला बरे वाटते. पण घरी येऊन सांगता आले, तरच!