पाहुण्यांना तांब्या-भांडेच द्या

विकतचे पाणी तेवढे शुद्ध, ही समजूत आता आपल्या गावातही आली आहे. स्नेहसंमेलनात पाहुण्यांपुढे प्लास्टिकच्या बाटल्या मांडतात. त्या रिकाम्या झाल्या की आपण पोरं त्या पळवतो अन् वर्षभर दप्तरात वापरतो! माझ्या मते हे दोन्ही थांबवावे.

कारण सांगते. अमेरिकेत न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठ आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी तीन कंपन्यांचे बाटलीबंद पाणी तपासले व जानेवारी २०२४ मध्ये निष्कर्ष छापला. एका लिटरमध्ये प्लास्टिकचे सरासरी २ लाख ४० हजार कण! त्यातले शंभरात सुमारे नव्वद नॅनोप्लास्टिकचे. म्हणजे केवढे? पट्टीवरच्या एका मिलिमीटरचे हजार भाग करा, त्यातल्या एका भागाहूनही बारीक.

मग ते दिसले कसे? पाणी अतिसूक्ष्म गाळणीतून गाळले. वर जे उरले त्यावर दोन लेसर किरण सोडले. प्रत्येक जातीच्या प्लास्टिकचे रेणू आपापल्या ठराविक तऱ्हेने थरथरतात, त्यावरून जात ओळखू येते. याच्या मुळाशी आहे आपल्या सर सी. व्ही. रामन यांचा २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध! विज्ञान दिनाला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, पण त्या शोधाचा उपयोग काय, हे कुणी विचारत नाही.

गंमत म्हणजे बाटलीच्या प्लास्टिकपेक्षा नायलॉनच्या जातीचे कण जास्त निघाले. ते पाणी शुद्ध करायच्या गाळण्यांतूनच आले असावेत म्हणे. आता काय बोलावे!

काही पालक म्हणतील, "एवढ्याशा कणानं काय होतंय?" शरीरात त्यांचे काय होते याचा अभ्यास अजून चालू आहे, हे खरे. पण बाटली दाबली, उन्हात तापली, की कण सुटतात. यष्टी स्टँडवर पाण्याचे खोके दिवसभर उन्हात असतात, ते पाहा. आणि आपण तीच बाटली महिनोन् महिने दाबतो.

मात्र विहिरीचे पाणी तसेच प्यावे, असे माझे म्हणणे नाही. त्याने जुलाब, कावीळ होते. ते संकट या कणांपेक्षा मोठे. पाणी गाळून, उकळूनच घ्यावे.

स्टीलची बाटली महाग पडते, तेही मान्य. पण घरोघरी माळ्यावर फिरकीचा तांब्या पडलेला असतो ना! आजोबा तो प्रवासात नेत. तो खाली काढा.

यंदाच्या संमेलनाला तांब्या-भांडी घासून मांडायचे काम सातवीच्या मुली करतील, आणि मुलगेसुद्धा. गुरुजींनी फक्त होय म्हणावे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी