मंडालेला जावे का?

परदेशप्रवासाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. खर्च किती आणि धोका किती? ज्या देशात राजकीय अशांतता आहे तेथे जायचे असेल तर दुसऱ्या प्रश्नाला साहजिकच अधिक महत्त्व येते. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचा एक तिसरा प्रश्न आहे. आपल्या जाण्याची किंमत तेथील कोणाला मोजावी लागणार?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो असा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे पीकविम्यापासून पासपोर्टपर्यंत वाडीतले लोक सारे मलाच विचारतात. आमच्या वाडीतील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक कित्येक वर्षे पेन्शनमधून पैसे बाजूला टाकीत आले आहेत, ते एकाच इच्छेसाठी. लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे जेथे कारावास भोगला आणि ‘गीतारहस्य’ लिहिले, ते मंडाले त्यांना एकदा डोळ्यांनी पाहायचे आहे. आम्हां रत्नागिरीकरांना या गावाविषयी वेगळीच ओढ आहे. इंग्रजांनी मंडालेचा थिबा राजा रत्नागिरीत आणून ठेवला आणि रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य मंडालेत नेऊन ठेवले! थिबा तर १९१६ साली इथेच वारला. ‘‘तू सोबत चल, तुझा खर्च मी करतो,’’ असे गुरुजी म्हणाले. मुंबईपलीकडे न गेलेल्या मला हा मोह काही लहान नव्हता.

परंतु ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, काय घडले आहे? नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत आंग सान सू ची यांच्या पक्षाला मोठे बहुमत मिळाले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता हाती घेतली. विद्यार्थी, शिक्षक, डॉक्टर रस्त्यावर उतरले. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि कित्येक तरुण शस्त्रे घेऊन जंगलात गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लष्कराने सक्तीच्या भरतीचा कायदा अमलात आणला. १८ ते ३५ वर्षांचे पुरुष आणि १८ ते २७ वर्षांच्या स्त्रिया त्यात येतात. मी एकोणीस वर्षांचा आहे. मंडालेतील माझ्या वयाचा मुलगा वर्गात बसण्यापूर्वी आपले नाव यादीत आले का, याची चिंता करतो. त्यातच २८ मार्च २०२५ च्या भूकंपाने त्या शहराची दैना केली. देशात तीन हजारांहून अधिक माणसे दगावली.

आता दुसरी बाजू पाहू. तेथील रिक्षावाला, खानावळवाला, वाटाड्या यांचे पोट प्रवाशांवर आहे. राज्यकर्ते वाईट म्हणून गरिबांच्या भाकरीवर बहिष्कार का? शिवाय परकी डोळे नसले की जुलूम अधिक निर्धास्त होतो. हा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही. सू ची यांच्या पक्षाचे मतही एकसारखे राहिले नाही. लष्करी सरकारने १९९६ हे ‘पर्यटन वर्ष’ म्हणून जाहीर केले तेव्हा त्यांनी प्रवाशांना येऊ नका असे सांगितले. त्या तयारीसाठी मंडालेच्या राजवाड्याभोवतीचा खंदक वेठीच्या मजुरांकडून साफ करून घेतला होता. पुढे २०११ च्या सुमारास, वातावरण सैल होताच, एकेकट्याने येणाऱ्या प्रवाशांचे स्वागत आहे असे त्याच पक्षाने म्हटले. म्हणजे जावे की न जावे याचे उत्तर काळाप्रमाणे बदलते. तेथील लोकांचे म्हणणे काय, हे पाहणे मात्र दोन्ही वेळा आवश्यक ठरते.

आजच्या स्थितीत माझे उत्तर ‘नको’ असे आहे. व्हिसाचे शुल्क सरकारच्या तिजोरीत जाते, ही एक गोष्ट. त्याहून मोठे कारण वेगळेच. त्या देशात घरी मुक्कामाला पाहुणा आला तर त्याची वर्दी अधिकाऱ्यांना द्यावी लागते. ही सक्ती २०२१ मध्ये लष्कराने पुन्हा आणली. आपण चार प्रश्न विचारणार, एखादा भला माणूस मोकळेपणाने बोलणार, आणि आपण विमानात बसल्यावर त्याच्या दाराशी कोण येईल? आपला धोका परतीच्या तिकिटाबरोबर संपतो, त्याचा संपत नाही. शिवाय मंडालेच्या किल्ल्यात लष्कराची छावणी आहे. स्वातंत्र्यासाठी तुरुंग सोसलेल्या पुरुषाचे स्मरण बंदुकीच्या पहाऱ्यात, पहारेकऱ्यांच्या परवानगीने करावे, हे माझ्या मनाला पटत नाही.

हे मी गुरुजींना सांगितले. ते म्हणाले, ‘‘तुझ्यापाशी चाळीस वर्षे आहेत रे, माझ्यापाशी किती?’’ याला माझ्याकडे उत्तर नाही. माझे मत खरे ठरले तरी त्याची किंमत गुरुजी मोजणार आहेत, हे मला कळते. तरीही मत बदलावे असे वाटत नाही.

मित्रहो, न जाणे म्हणजे पाठ फिरवणे नव्हे. २०२१ पासून म्यानमारचे हजारो निर्वासित आपल्याच मिझोराममध्ये राहत आहेत. त्यांच्याविषयी आपल्यापैकी कितीजणांनी वाचले आहे? थिबा राजवाड्यात आपण सहलीला जातो, फोटो काढतो. त्या राजाच्या देशात आज आपल्या वयाची मुले कशी जगतात, यावर इतिहास मंडळाने एखादी चर्चा ठेवावी, प्राध्यापकांनी चार पुस्तके सुचवावीत. एवढे आपल्या हाती आहे. मंडालेची वाट कधीतरी मोकळी होईल. तेव्हा तेथील माणसांशी काय बोलावे, हे तरी आपल्याला ठाऊक असेल.

— द्वितीय वर्ष, कला